हलक्या शेपटीची गाडी

माझ्या वडिलांच्या गाडीला मागे पंख लावलेला आहे. पंख म्हणजे स्पॉयलर. हल्लीच्या पोरांच्या गाड्यांना डिकीवर जे आडवं फळकूट असतं ना, तेच. फरक एवढाच, की बाबांची गाडी हल्लीची नाही. ती साठेक वर्षांची, विलायती, दोन माणसांची, कापडी टपाची स्पोर्ट्स कार आहे, आणि बाबांच्या हातात ती चाळीसच्या वर गेलेली मी कित्येक वर्षांत पाहिलेली नाही. चाळीसच्या वेगाने चालणाऱ्या गाडीला पंख कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तुम्ही शहाणे आहात, आणि आमच्या घरी तुमचं काही चालणार नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. माझंही चाललं नाही.

गाडी आमच्याकडे आली ती बाबांच्या नोकरीमुळे. आमच्या शहरातल्या सदर भागात एका मँगनीज खाणीच्या कंपनीचं ऑफिस होतं, तिथे बाबा हेडक्लार्क होते. शेवटचा गोरा साहेब मायदेशी गेला तेव्हा त्याची ही गाडी गोदामात तशीच राहिली. ती चालू होत नव्हती, म्हणून कोणाला नको होती. बाबांना मात्र हवी होती. भिवापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातला हा माणूस, घरात तोवर सायकलच्या पुढे काही आलेलं नव्हतं, आणि त्याने एकदम विलायती गाडी दोरीने ओढत घरी आणली. आईने म्हणे दारातच विचारलं होतं, "अवो, हे खाते काय अन् देते काय?" त्याचं उत्तर बाबांनी अजून दिलेलं नाही.

पुढची कैक वर्षं बाबांनी त्या गाडीखाली काढली. ऑफिसातून यायचं, शर्ट काढायचा आणि गाडीखाली शिरायचं. पाहुणे आले की आई त्यांना अंगणात नेऊन बाबांचे पाय दाखवायची. शेवटी एकदाची गाडी चालू झाली, आणि तेव्हापासून आमच्या घरात आई, मी आणि ती अशा तीन बाया आहेत, असं आई म्हणते. "सवत परवडली असती," हेही तीच म्हणते, "निदान चटणी वाटायले तरी कामी आली असती."

मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही आणि आईबाबांसोबतच राहिले, त्यामुळे या गाडीचं सगळं कौतुक आणि सगळा वैताग माझ्या वाट्याला पुरेपूर आला. तरी एक सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी धंतोलीतल्या एका दवाखान्यात बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं, पण घरी आल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून जे झोपले ते उठेचनात. डॉक्टर म्हणाले, फिरवा. आई म्हणाली, फिरा. बाबा हूं म्हणायचे आणि तसेच पडून राहायचे. एका सकाळी बाबांच्या रविवारच्या मित्रमंडळीतले जीपवाले काका आले आणि खिडकीतूनच ओरडले, "गाडीच्या टाकीत उंदीर शिरले गा, पाहून घे." बाबा उठले, चप्पल न घालता अंगणात गेले आणि त्या दिवसापासून पुन्हा माणसात आले. टाकीत उंदीर कसा शिरेल, हे मला तेव्हाही कळलं नाही. मी विचारलंही नाही. तेव्हापासून आई आणि मी एक गोष्ट न ठरवता ठरवून टाकली. बाबांना गाडी सोडा असं कधी म्हणायचं नाही. गाडी सुटली तर ते पुन्हा भिंतीकडे वळतील, ही आम्हा दोघींची खरी भीती होती.

तर गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी बाबा फेरी मारून आले आणि गेट लावता लावता मला म्हणाले, "पोरी, गाडीची शेपूट हलून राहिली."

"म्हणजे?"

"म्हणजे मागचा भाग. सरळ जाता जाता एकदम फेकल्यासारखा होते. हवेत उचलला जाते."

मी म्हटलं, चाकात हवा कमी असेल. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना बाराखडी विचारली. हवा त्यांनी पाहिली होती. चाकांच्या तारा, मागच्या स्प्रिंगच्या पाट्या, सगळं पाहून झालं होतं. सगळं ठीक होतं आणि शेपूट हलत होती.

आता हा प्रश्न गेला रविवारच्या मंडळीत. ही मंडळी म्हणजे जुन्या गाड्या बाळगणारे पाचसहा म्हातारे. दर रविवारी सकाळी सदरमध्ये एका ठेल्याशी आपापल्या गाड्या लावायच्या, तर्री-पोहे खायचे आणि कोणाच्या तरी गाडीचं बॉनेट उघडून त्यात सगळ्यांनी डोकी घालायची, हा यांचा नेम. ऑपरेशननंतर काही महिने बाबांना सोडायला-आणायला मी तिथे बरेचदा गेले आहे आणि त्यांची रीत मला तोंडपाठ आहे. गाडी कोणाचीही असो, दोष गाडीचाच असतो. कोणी फाटकाला घासून आला, तर स्टिअरिंग जड झालं. कोणी सिग्नलला उशिरा थांबला, तर ब्रेकचं तेल जुनं झालं. चालवणाऱ्याबद्दल कोणी एक अक्षर काढत नाही. त्यांच्यात एकाचाही गुडघा धड नाही, दोघांना ऐकू कमी येतं, पण या विषयावर ते ठार मुके असतात. हे चांगुलपण आहे की संगनमत, हे मी तेव्हा ठरवू शकले नव्हते.

मंडळीने निदान केलं की गाडीचं नाक लांब, इंजिन पुढे, म्हणून शेपूट हलकी. जीपवाले काका म्हणाले, "वजन टाक गा मांगं." दुसऱ्या दिवशी आई पीठ दळायला द्यायला गेली तर गव्हाचं पोतं जाग्यावर नाही. मोलकरणीवर संशय घेऊन झाला, शेजारच्यांना विचारून झालं. पोतं डिकीत होतं. आठवडाभर आमचे गहू रोज सकाळी सिव्हिल लाइन्सची हवा खाऊन येत होते आणि आम्ही विकतच्या आट्याच्या पोळ्या खात होतो. शेपूट हलतच होती. पोत्याला उंदरांनी नाही, पण डिकीतल्या ग्रीसने खाल्लं. आईने ते गहू चिमण्यांना टाकले आणि बाबांशी दोन दिवस बोलली नाही.

मग कोणाच्या तरी डोक्यात स्पॉयलर आला. कोणाच्या, ते मला आजवर कळलेलं नाही. प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो. बाबा घरी येऊन मला समजावू लागले, की शर्यतीच्या गाड्यांना मागे पंख असतो, वाऱ्याने तो पंख खाली दाबला जातो आणि शेपूट रस्त्याला चिकटून राहते. हे सगळं बरोबर होतं. हे मी मुलांना शिकवते. पण वारा लागायला वेग लागतो.

"बाबा, चाळीसच्या वेगानं लागणारा वारा म्हणजे आपल्या घरच्या पंख्याचा दोन नंबर. त्यानं गाडी काय दबन?"

"विमान कसं उडते मंग?"

"विमान चाळीसनं नाही उडत."

"पतंग तं उडते. पतंग उभ्या माणसाच्या हातात उडते. तिचा काय वेग असते, सांग."

पतंगीला वजन नसतं, गाडीला असतं, हे उत्तर मला जिन्यावर सुचलं, आणि तोवर बाबा अंगणात टेप घेऊन डिकीची रुंदी मोजत होते. तीस वर्षं मी हा विषय शिकवते आहे. एवढ्या वर्षांत वर्गातल्या कोणी मला असं गप्प केलेलं नाही.

माझा आणखी एक आक्षेप होता, तो शास्त्राचा नव्हता. या जुन्या विलायती गाड्यांचं सगळं सौंदर्य मागे असतं. लांब नाक, मध्ये माणसं बसायची जागा, आणि मग हळूहळू उतरत गेलेली पाठ. ती बनवणाऱ्यांनी त्या पाठीवर काहीही ठेवलं नव्हतं. पुढे काही वर्षांनी तिकडे वाऱ्याचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा एकेका गाडीच्या डिकीची धार जरा वर वळवली गेली, कुठे काळ्या रबराची पट्टी आली, आणि मग पुढच्यांनी मोठमोठे पंख बसवले. पण ही गाडी त्याच्या आधीची. तिच्या पाठीवर पंख बसवणं म्हणजे नऊवारीवर पाठीला दप्तर अडकवणं. मी हे बोलले तर आई म्हणाली, "तू बी तिच्या बाजूनं बोलून राहिली काय?" मी तेव्हाच गप्प बसायला हवं होतं.

मंडळीतही यावरून उभी फूट पडली. अर्ध्यांचं म्हणणं, जुन्या गाडीच्या पत्र्याला भोक पाडणं हे पाप आहे. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक आधी हेच पाहतात. उरलेल्यांचं म्हणणं, गाडी चालवायची असते, आरतीला ठेवायची नसते. एका रविवारी पोहे तसेच टाकून दोघं उठून गेले म्हणे. बाबा मात्र ठाम होते. ज्या माणसाने या गाडीचा एक मूळ स्क्रू मिळावा म्हणून अर्धा देश पत्रं लिहून छळला, तो तिच्या डिकीला ड्रिल लावायला निघाला होता. याचं आश्चर्य मला तेव्हा वाटायला हवं होतं. मला फक्त राग आला.

पहिला पंख सदरच्या एका दुकानातून आला. तो कुठल्यातरी ऐसपैस गाडीचा होता. डिकीवर धरून पाहिला तर दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर, आणि मध्ये लाल दिवा. तो परत गेला. मग बाबांनी फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून साचा केला, आणि बसगाड्यांचं फायबरचं काम करणाऱ्या एका कारागिराकडून तसा पंख बनवून आणला. रंगही तोच, गर्द हिरवा. भोकं मात्र मीच पाडणार, असं बाबा म्हणाले. मी पेन्सिलने खुणा करून दिल्या. बाबांनी ड्रिल लावलं आणि पहिलंच भोक खुणेच्या बोटभर डावीकडे पडलं.

"बाबा! खूण इथं आहे ना!"

"बिट सरकला."

"कसा काय सरकन? तुम्ही पाहून राहिले काय कुठं?"

त्यांनी ड्रिल खाली ठेवलं आणि घरात जाऊन पाणी प्यायले. बाकीची भोकं कारागिराने पाडली. चुकलेल्या भोकात रबराचं बूच घातलं. मी दिवसभर त्या बुचावरून बोलत राहिले, कारण माझा स्वभावच तसा आहे, आणि बाबांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही.

पंख बसला त्या दिवशी आईने त्याला हळदकुंकू लावलं. नव्या वस्तूचा तिला राग असला तरी अनादर ती करत नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने त्यावर ओले नॅपकिन वाळत घालायला सुरुवात केली. हिवाळ्याचं ऊन नेमकं तिथेच येतं, यात तिचा काय दोष? बाबा फेरीला निघताना नॅपकिन काढून दोरीवर टाकायचे, आल्यावर आई ते परत पंखावर आणायची. पंखाचा तेवढा एक उपयोग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे.

आठवडाभर बाबा म्हणत होते, सुधारली. एकदम सुधारली. मंडळीत त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. मी शास्त्र गुंडाळून ठेवलं आणि स्वतःला समजावलं, मनाचं समाधान तरी झालं. मग पुढच्या रविवारी गेट लावता लावता ते म्हणाले, "पोरी, अजून थोडी हलते. पंखाचा कोन चुकला वाटते."

त्यानंतर जानेवारीभर कोनाचं काम चाललं. पंखाखाली वॉशर घालायचे, काढायचे, परत घालायचे. रात्री जेवताना ताटात वाटी तिरकी ठेवून बाबा मला विचारायचे, एवढा कोन की एवढा? ताकाची वाटी असायची. आई पदराने टेबल पुसायची आणि माझ्याकडे पाहायची, जणू ही सगळी विद्या मीच त्यांना शिकवली. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आता हा विषय संपवते.

दरवर्षी फेब्रुवारीत बाबा गाडी घेऊन भिवापूरला जातात. चुलतभावाच्या शेतातली लाल मिरची डिकीत भरून आणतात. वर्षभराचं तिखट आमचं तिथूनच येतं. येताना अख्खा रस्ता शिंकत येतात आणि तरी दुसऱ्या कोणाला जाऊ देत नाहीत. या वेळी मी रजा टाकली आणि जाहीर केलं, मी सोबत येणार, आणि शेपूट का हलते ते शास्त्राने शोधून काढणार.

प्रयोग साधा होता. मी पंखावर ओळीने लोकरीचे तुकडे चिकटपट्टीने लावले. वारा जसा वाहतो तशी लोकर फडफडते. पंख काही काम करत असेल, तर लोकर सांगेल. आईने आपल्या स्वेटरची उरलेली जांभळी लोकर दिली आणि विचारलं, "हे पाहून लोक काय म्हणतीन?" लोक काय म्हणणार होते, ते मला दिघोरीच्या चौकातच कळलं. सिग्नलला एका रिक्षावाल्याने वाकून पाहिलं आणि विचारलं, "नजर लागली होती काय, काकाजी?"

टप खाली केला होता. शहर मागे पडलं, उमरेडचा रस्ता लागला. मी सीटवर गुडघे टेकून उलटी बसले, चेहरा मागे, आणि लोकरीवर नजर ठेवली. एका पन्नाशी उलटलेल्या बाईने अशा गाडीत असं बसू नये हे मला कळतं. पण प्रयोग म्हणजे प्रयोग. बाबांचा काटा चाळिसाशी होता. पुढच्या काचेच्या आणि आमच्या आडोशाला लोकर मेल्यासारखी लोंबत होती. खड्डा आला की उडायची, परत लोंबायची. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

"बाबा, लोकर हलूनच नाही राहिली! वारा लागतच नाही तिथं! हा पंख काहीच करत नाही!"

तेवढ्यात गाडीला जोरात हिसका बसला. शेपूट खरोखर एका बाजूला गेली आणि परत जागेवर आली. मी दाराला धरलं.

"पाह्यलं?" बाबा म्हणाले. "हलली ना?"

हलली होती. मी स्वतः पाहिलं होतं. लोकर स्थिर होती आणि गाडी हलली होती, मग कारण काय? माझी मान अवघडली होती, म्हणून मी सरळ होऊन बसले आणि गाडीच्या मागच्या दांड्यांचा, पाट्यांचा विचार करू लागले. आणि मग ते दुसऱ्यांदा झालं. या वेळी माझा चेहरा पुढे होता.

डावीकडच्या पांदणीतून, शेतातल्या कच्च्या वाटेने, एक बाई मोपेडवर येत होती. मागे चाऱ्याचा भारा बांधलेला. ती मला चांगली लांबून दिसत होती, आणि ती थांबणार नाही हेही दिसत होतं. मला वाटलं, बाबा आता वेग कमी करतील. त्यांनी केला नाही. आता करतील. ती रस्त्यावर आली, पार आमच्या बॉनेटपाशी आली, आणि मग बाबा दचकले. त्यांनी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं आणि लगेच परत डावीकडे. शेपूट फेकली गेली. मोपेडवाली बाई ओरडली आणि मागे राहिली.

"पाह्यलं ना?" बाबा म्हणाले. त्यांचा श्वास लागला होता.

मी पाहिलं होतं. मी पाण्याची बाटली उघडली आणि काही न बोलता त्यांच्या डाव्या खांद्याजवळ धरली. ते समोर पाहत होते. मी बाटली जरा पुढे केली, त्यांच्या गालाच्या रेषेत. ते समोरच पाहत होते. माझा हात दुखेपर्यंत ती बाटली तिथे होती आणि त्यांच्या लेखी नव्हती. शेवटी मी "बाबा, पाणी" म्हटलं, तेव्हा त्यांनी अख्खी मान वळवली आणि म्हणाले, "हां, दे."

मला रडू आलं आणि भयंकर रागही आला. बाबांचा, त्या मंडळीचा, आणि सगळ्यात जास्त माझा. एवढे महिने आम्ही सगळे या गाडीच्या मागे लागलो होतो. वजन, वारा, कोन, लोकर. एकानेही स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांकडे पाहिलं नव्हतं. मंडळीचं ठीक आहे, त्यांची ती रीतच होती. माझी कुठली रीत होती? ते भोक बोटभर डावीकडे पडलं तेव्हा मी खुणेवरून भांडत बसले होते.

उमरेडला चहाला थांबलो. बाबांनी बशीत चहा ओतला आणि मी म्हटलं, "पुढं मी चालवून पाहते. शेपूट कशी हलते ते हातात कळन मले."

मला वाटलं, नाही म्हणतील. गाडी त्यांनीच मला शिकवली होती, पण माझ्या हातात द्यायची तर आधी चाकं, तेल, ब्रेक, सगळं तपासायचे. एवढंसं काही खुट्ट वाटलं की मला उतरवायचे. त्या दिवशी त्यांनी काहीच तपासलं नाही. किल्ली टेबलावर ठेवली आणि चहा संपवला.

मी गाडी काढली. चाळीस. पन्नास. रस्ता मोकळा होता म्हणून साठ. गाडी सुतासारखी सरळ चालली होती. मी स्टिअरिंगवरचे हात क्षणभर सैल सोडून पाहिले, तरी सरळ. तिच्या शेपटीत काहीही नव्हतं. कधीच काही नव्हतं. बाबा माझ्या डाव्या हाताला बसून समोर पाहत होते, हात मांडीवर ठेवून. त्या सीटवर ते कधी बसत नाहीत, त्यामुळे पाय कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

मी मनात वाक्यं जुळवत होते. खरं सांगून टाकलं, की उद्या धंतोलीत डोळ्यांच्या डॉक्टरकडे, मग गाडी बंद, मग ती भिंत. दिवाळीपासून मी एका गोष्टीसाठी भांडत होते, की दोष पंख नसण्याचा नाही. ते भांडण मी आता जिंकले होते. मला ते जिंकायचं नव्हतं.

"हलते काय वं?" बाबांनी विचारलं.

"हाव बाबा," मी म्हटलं. "हलते. खूप हलते. तुम्हीच बरोबर होते."

मला थांबवेना. मी सांगत सुटले, की कोन चुकलाच आहे, मागून हवा खाली शिरते, पाठ उचलली जाते, अशी गाडी या वयात तुम्ही चालवणं बरं नाही, नीट होईपर्यंत मीच चालवत जाईन, तुम्ही बाजूला बसून मला सांगा. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने हे उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं तर मी त्याला भोपळा दिला असता. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. पतंगीचा दाखला नाही, विमानाचा नाही.

मग ते म्हणाले, "पोरी, हलत असती, तं तुले हात लावू देल्ला असता काय मी तिले?"

मला समोरचा रस्ता धड दिसेना. मी वेग कमी केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हात पुढे करून डॅशबोर्डवर ठेवला फक्त.

"सरळ चाल," ते म्हणाले. "अन् डावीकडचं तूच पाहात जाय. मले तिकडचं दिसत नाही."